डाव्या हाताची गाठ

१

ज्या वर्षी मे महिन्यात प्राचीचं लग्न चिचगडच्या अंगणात लागलं, ते साल २०२५. प्राची ही दुर्पताबाई सलामेची नात, पिंटूची थोरली. लग्नाला चार महिने बाकी होते, आणि आजीनं नातीसाठी हिरवं लुगडं आधीच घेऊन ठेवलं होतं. त्या जानेवारीतली ही गोष्ट. तेवीस तारखेला, गुरुवारी सकाळी, खोडशिवनीला डॉक्टर देवचंद कापगते यांच्या घरचं लोखंडी कपाट उघडलं, आणि चार नंबरची वही आत नव्हती.

डॉक्टर देवचंद हे दगडांचे डॉक्टर. गावात नवा आलेला माणूस कधीमधी ताप घेऊन त्यांच्या दारात उभा राहायचा आणि हसं करून घ्यायचा. त्यांच्या बापजाद्यांनी तलाव बांधले, त्यांच्या कडेनं मातीच्या पाळी घातल्या. या मुलानं माती सोडून तिच्याखालचा दगड धरला. भूगर्भशास्त्र शिकले, सर्वेक्षणाच्या नोकरीत लागले आणि १९८४ साली एका परदेशी मोहिमेबरोबर उत्तर ध्रुवाकडच्या स्पिट्सबर्गन बेटावर गेले. आपल्याकडचं तेव्हा कोणी तिकडं जात नव्हतं. तिथल्या उघड्या डोंगरात त्यांना दगडावर उमटलेली पानं सापडली, हाताच्या पंजाएवढी रुंद. जिथं आज गवताची काडी धड उगवत नाही, तिथं एकेकाळी जंगल होतं. त्या पानांवर त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि जन्मभर मान त्याच पानांचा मिळाला.

मोहिमेत त्यांना एक मदतनीस नेता येत होता. त्यांनी चिचगडचा उदेभान सलामे नेला. दुर्पताचा नवरा. आठ वर्षं तो साहेबांच्या मागं देवरीच्या डोंगरांत दगडांची पोती वाहत होता. वय अठ्ठावीस. १९ जुलैला तो बर्फाच्या भेगेत पडला आणि जागीच गेला, प्रेतही निघालं नाही, अशी तार चिचगडला २३ तारखेला आली. पिंटू तेव्हा दोन वर्षांचा. दुर्पतानं त्याच दुपारी उंबऱ्यावर बांगड्या फोडल्या. साहेब परत आले आणि त्यांनी तिला घरी कामाला ठेवून घेतलं. त्याला आता चाळीस वर्षं झाली.

बेटावरच्या वह्या सहा. खाकी कापडी पुठ्ठा, पितळी बटन, आत पेन्सिलीनं लिहिलेलं बारीक मराठी. जहाजावरच्या गोऱ्यांना वाचता येऊ नये म्हणून मराठी, असं साहेब सांगायचे. चौथ्या वहीत जुलैचा दुसरा पंधरवडा होता. त्या एका वहीसाठी दुर्पता पन्नाशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसली होती. अ-आ गिरवताना शेजारच्या बायका हसायच्या. ती म्हणायची, "माह्या मानसाचे शेवटचे दिवस त्यात हायेत. दुसऱ्याच्या तोंडून कायले आयकू?" पण वही हातात आली नाही. साहेब म्हणायचे, "मी मेल्यावर वाच."

यंदा मात्र योग आला होता. साहेबांचा मुलगा हिमांशु नागपुरात बांधकामाचा धंदा करायचा. बापाच्या नावानं त्यानं गावात संग्रहालय उभारलं. उद्घाटन सव्वीस जानेवारीला, रविवारी. चौथ्या वहीतलं १९ जुलैचं पान मोठं करून भिंतीवर लावायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तेच पान काढायला त्यानं कपाट उघडलं होतं.

"कुलूप शाबूत. चावी बाबांच्या उशीखाली," हिमांशु म्हणाला. तो ओरडला नाही. "बाबा लकव्यानं पडलेले. उशी रोज कोण झटकतं, दुर्पताबाई?"

"मीच झटकतो."

"आणि ती वही कोणाला पाहिजे होती?"

दुर्पतानं हातातली बादली खाली ठेवली. या घरात कोणी तिला चोर म्हणेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"मलेच," ती म्हणाली.

२

दुपारी हवालदार चुन्नीलाल आला. पोट पुढं, टोपी काखेत. त्यानं दुर्पताची खोली उपसली. हिरवं लुगडं उलगडून झटकलं आणि धुळीत टाकलं.

"बुढे, सांगून टाक. लिवता-वाचता आलं म्हनून चोरी बी शिकून राहिली का?"

"शोधा जी. सापडली तं मले बी द्या वाचाले."

वही सापडली नाही. मंगळवारी पिंटू आईला भेटायला आला होता, हे कोणीतरी सांगितलं. पिंटू नागझिऱ्याला पर्यटकांचा गाईड. मंगळवारी तो अंगणात बोलला होता, की बापाच्या मरणावर लोकांनी तिकीट लावलं. तेवढं पुरलं. चुन्नीलालनं त्याला जंगलाच्या फाटकावरून, पाहुण्यांच्या जिपड्यातून खाली उतरवून ठाण्यात नेलं.

"रविवारपर्यंत वही आली तर पोरगा परत येईल," हिमांशु म्हणाला. "नाही तर रीतसर केस."

दुर्पता उष्टी भांडी घासत बसली आणि विचार करत राहिली. वही पिंटूनं नेली नव्हती. तो आतल्या खोलीत गेलाच नव्हता. मग शेवटची कोणी पाहिली?

राखीनं. हिमांशुची बायको. मंगळवारी पत्रिकेसाठी फोटो काढायचा होता. सहाही वह्या साहेबांच्या पलंगावर मांडल्या होत्या. फोटो झाल्यावर राखीनंच त्या उचलून कपाटात ठेवल्या होत्या.

"मी मोजल्या होत्या, बाई," राखी म्हणाली. ती आरशापुढं रविवारची साडी लावून बघत होती. "सहाच्या सहा. कुलूप मीच लावलं."

"उघडून पाह्यल्या का जी, कोनती कोनती हाय ते?"

"सगळ्या खाकी. उघडून काय बघायचं?"

"आन आज कपाटात किती निंगाल्या?"

राखीचा हात थांबला. "सहाच. पण त्यात एक वेगळी होती. बाबांची देवरीची कुठलीशी. एकोणऐंशी सालची."

"मले तो फोटो दाखवा."

राखीनं कंटाळून मोबाईल पुढं केला. दुर्पतानं तो डोळ्यांशी धरला. पलंगावर रजई, रजईवर सहा वह्या, साहेबांचा धड असलेला उजवा हात वह्यांवर. मागं उशाशी फळी. त्या फळीवर साहेब आपल्या जुन्या देवरीच्या वह्या ठेवायचे आणि रोज चाळायचे. फोटोत फळीवर तीन वह्या होत्या. दुर्पता आज सकाळीच ती फळी पुसून आली होती. फळीवर दोनच होत्या.

म्हणजे चोर कपाटापर्यंत गेलाच नव्हता. देवरीची एक वही फळीवरून उतरली, चार नंबरची पलंगावर मागं राहिली, आणि राखीनं स्वतःच्या हातानं अदलाबदल कुलपात घातली.

ती गुलाबचंद गुरुजींकडं गेली. गुरुजी निवृत्त मास्तर, वीस वर्षं साहेबांचं चरित्र लिहीत होते. मंगळवारी फोटोच्या वेळी तेही खोलीत होते.

"मी कशाला चोरू, दुर्पताबाई? मला तर ती पाहिजेच होती, पण उजळ माथ्यानं." गुरुजी ओशाळून हसले. "पाच वह्या दिल्या मला साहेबांनी वाचायला. चौथी मागितली की म्हणायचे, ओली होऊन गेलीय, अक्षर लागत नाही. आणि मंगळवारी मी पाहतो तर अक्षर चांगलं खडखडीत. मी बोललोसुद्धा. म्हटलं, साहेब, हिमांशु यातलं पान भिंतीवर लावणार आहे, सगळा जिल्हा वाचेल."

"मंग साहेब काय बोलले?"

"काही नाही. म्हणाले, थंडी वाजते, रजई वर ओढा."

"कोन ओढली?"

"मीच की." गुरुजींनी चष्मा काढला. "का हो?"

दुर्पता उठली. तिला बुधवारची सकाळ आठवली होती, आणि ती जवळजवळ धावत घरी निघाली.

३

परसात, तलावाच्या पाळीला लागून एक खड्डा होता. लकवा झाल्यापासून साहेबांच्या अंगाखाली कापसाची गादीवजा कापडं घालावी लागत. घाण झालेली कापडं दुर्पता रोज सकाळी गुंडाळी करून त्या खड्ड्यात जाळायची. साहेबांना याची लाज वाटे. ती काम करताना ते भिंतीकडं तोंड करायचे, चकार शब्द बोलायचे नाहीत. तीन वर्षांत कधी बोलले नव्हते.

बुधवारी बोलले होते. गुंडाळी त्यांनी आपल्या धड हातानं स्वतःच करून ठेवली होती. म्हणाले होते, "लई घाण आहे, दुर्पता. उघडू नको. आधी जाळून ये."

तिला दया आली होती. गुंडाळी जड लागली होती, तरी ती समजली, पोट बिघडलं असेल. वरून रॉकेल ओतलं. लवकर पेटेना, तर काठीनं उलटीपालटी केली. धूर काळा आला होता आणि जळक्या कापडाचा वास दुपारपर्यंत परसात राहिला होता.

दुर्पता खड्ड्यात उतरली. राख हातानं चाळली. तळाशी बोटाला कडक काही लागलं. पदरानं पुसलं. पितळी बटन होतं, जळून काळं पडलेलं.

ती तशीच राखेत बसली. ज्या वहीसाठी पन्नाशीत पाटी धरली, ती वही तिनं स्वतः जाळली होती. नीट जळावी म्हणून काठीनं उलटवली होती. तिच्या माणसाचे शेवटचे दिवस तिच्याच हातानं राख झाले होते, आणि तेव्हा तिनं साहेबांची कीव केली होती.

आता चोर कळला होता. फळीवरची वही धड हातानं काढली, चौथी रजईखाली सरकवली, रात्रभर अंगाखाली ठेवली. पण का? ही वही म्हणजे त्या माणसाचं आयुष्य. पानांचा थर कसा सापडला, किती जाड, कोणत्या दिशेला उतरता, सगळं तिच्यात. चाळीस वर्षं जपलेली वस्तू माणूस एका रात्रीत जाळायला काढतो, तर तिच्यात असं काय लिहिलेलं असतं?

बटन हिमांशुला दाखवावं का? तो म्हणेल, जाळली ना? तूच जाळलीस. खरं होतं ते.

शुक्रवारी सकाळी नागपूरहून ट्रक आला. सर्वेक्षणाच्या गोदामात चाळीस वर्षं पडलेल्या दोन लाकडी पेट्या त्यातून उतरल्या. बेटावरचे दगड. साहेबांनी निवडक काढून घेतले होते, बाकीचे जसे बांधले तसेच राहिले होते. हिमांशुला ते तसेच, न सोडता, काचेत मांडायचे होते.

"दुर्पताबाई, धूळ पुसून तारखेप्रमाणं लाव. चिठ्ठ्या वाचता येतात ना तुला?" तो म्हणाला. चोर म्हटलेल्या बाईकडून काम घ्यायला त्याला अडचण वाटली नाही.

खिळे उपटले. तिनं पहिलं पुडकं उचललं, आणि तिचा हात तिथंच राहिला.

४

इथं तेंदूपत्त्याचं सांगायला पाहिजे. उन्हाळ्यात चिचगडच्या रानात पानं तोडतात, सत्तर पानांचा एक पुडा करतात, झाडाच्या सालीच्या पट्टीनं, वाकानं, बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेतात. फळी म्हणजे पुडे मोजून घ्यायची जागा. तिथं साऱ्या गावाचे पुडे रांगेनं उन्हात पडलेले असतात. कोणाचा कोणता, हे नावानं कळत नाही, गाठीनं कळतं. घराघराची गाठ वेगळी. लग्न होऊन आलेली सून पहिल्या उन्हाळ्यात सासरची गाठ शिकते.

सलाम्यांची गाठ म्हणजे दोन वेढे, मग टोक मागं दुमडून वेढ्याखाली दाबायचं. उदेभान डावखोरा. त्याची गाठ आरशातल्यासारखी उलटी बसायची, टोक डावीकडं कानासारखं उभं. सासू म्हणायची, एवढ्या फळीवर माझ्या लेकाचा पुडा आंधळीला पण सापडेल.

पुडक्यात दगड होता, वर मेणकापड, त्यावर सुतळी. सुतळीचं टोक डावीकडं कानासारखं उभं होतं.

दुर्पता बराच वेळ त्या गाठीवरून बोट फिरवत राहिली. चाळीस वर्षांत नवऱ्याच्या हातचं काही तिच्या हाताला लागलं नव्हतं. मग तिनं सुतळीखाली दाबलेली चिठ्ठी वाचली. साहेबांचं अक्षर, पेन्सिल. नंबर, आणि तारीख. १२ जुलै. बरोबर. तेव्हा तो होता.

तिनं पुडकी रांगेनं लावायला घेतली. १४ जुलै. १७ जुलै. १८. सगळीकडं तो कान. १९ जुलैचं एक पुडकं, तोच कान. पडला त्या सकाळचं असेल.

पुढचं पुडकं २२ जुलैचं होतं.

कान डावीकडं उभा होता.

तिनं चिठ्ठी पुन्हा वाचली, अक्षरावर बोट ठेवून. दोनावर दोन, बावीस. तिला वाटलं, आपण चुकीचं वाचत असू, उशिरा शिकलेलं असं दगा देतं. तिनं राखीला बोलावून विचारलं.

"बावीसच आहे," राखी म्हणाली. "त्याच दिवशी बाबांना पानांचा थर सापडला ना? भिंतीवर लिहिलंय बघ."

भिंतीवर लिहिलंच होतं. २२ जुलै १९८४, थराचा शोध. आणि खाली: मदतनीस उदेभान सलामे, मृत्यू १९ जुलै १९८४. मेणकापडाच्या कडेतून दगडावरच्या पानाची शीर दिसत होती. म्हणजे हा दगड बावीस तारखेच्या आधी कोणी बांधणं शक्यच नव्हतं. आणि बांधला होता एकोणीसला मेलेल्या माणसानं.

राखी गेली. दुर्पतानं उरलेली पुडकी लावली. २३ जुलै, ज्या दिवशी तिनं बांगड्या फोडल्या, त्या दिवसाची चार पुडकी. चारही घट्ट, दोन वेढ्यांची. २५ तारखेपासून वेढे सैल. २६ला दोनाऐवजी एकच वेढा. २८ जुलैचं एकच पुडकं होतं. त्याच्या सुतळीवर दातांच्या खुणा होत्या, हातात बळ नसलं की माणूस दातानं ओढतो तशा. कान अर्धाच वर आला होता.

२९ जुलैची पुडकी वेगळ्याच हातानं बांधलेली होती. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. असं बांधणारा एकच माणूस तिला माहीत होता. चाळीस वर्षं त्याच्या बुटांच्या नाड्यांच्या असल्या गाठी सोडवून ती पुन्हा बांधत आली होती.

तिनं अठ्ठावीस तारखेचं पुडकं पदराखाली घेतलं आणि साहेबांच्या खोलीत जाऊन दाराला कडी घातली.

५

दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं. साहेब जागे होते.

दुर्पतानं आधी पितळी बटन रजईवर ठेवलं. साहेबांनी ते पाहिलं आणि डोळे मिटले.

"मलेच जाळाले लावलं," ती म्हणाली. "दुसरं कोनी नाई भेटलं?"

"दुसऱ्या कोणी उघडल्याशिवाय नेलं असतं?" साहेब म्हणाले. "त्यात काही नव्हतं, दुर्पता. जुने हिशेब दगडांचे. हिमांशु उगाच भिंतीवर..."

तिनं पुडकं बटनाशेजारी ठेवलं.

"हे वाचा."

"अठ्ठावीस जुलै," साहेब म्हणाले. "मग?"

"चिठ्ठी नाई. गाठ वाचा."

त्यांना कळलं नाही. जगभरच्या डोंगरांच्या वयाचा अंदाज करणाऱ्या माणसाला हातभर सुतळी वाचता येत नव्हती. तिनं समजावून सांगितलं. फळी, पुडे, सासूचं बोलणं, डावा हात. भिंतीवरची बावीस तारीख. तेवीसची चार पुडकी. सव्वीसपासूनचा एक वेढा. एकोणतीसच्या गाठीवर गाठ. सांगताना आवाज चढला नाही. नातीला वेणी घालायला शिकवावी तशी ती बोलत होती.

"साहेब," ती शेवटी म्हणाली, "मेलेला मानूस गाठ मारते का?"

साहेबांनी नजर छपराच्या पत्र्याकडं नेली. मग बोलले ते जणू दगडाबद्दल.

"भेगेत नाही पडला. उतारावरून घसरला. पाय मांडीत मोडला, हाड बाहेर. तंबूत आणला मी त्याला. तिथं आम्ही दोघंच, बाकीचे जहाजावर. वायरलेस होता. जखमी सांगितलं असतं तर त्याच दिवशी जहाज आलं असतं, दोघांनाही उचललं असतं. आदल्या दिवशी मला एक पान दिसलं होतं, दुर्पता. एकच. थर कुठून निघतो ते बघायचं राहिलं होतं. पुढच्या साली मला कोण पाठवणार होतं?"

"म्हनून मेला सांगितलं."

"मेला सांगितलं तर घाई नाही. ठरल्या दिवशी, तीसला जहाज येणार. त्याला म्हटलं, कळवलंय, जहाज उद्या येतं. तिथं रात्र होत नाही. सूर्य मावळतच नाही. त्याला दिवस मोजता येईनात. मी दगड आणायचो, तो पडल्या पडल्या बांधायचा आणि दर पुडक्याला विचारायचा, साहेब, आज किती तारीख? चिठ्ठीवर लिहायची म्हणून मी खरी सांगायचो. मग म्हणायचा, म्हणजे उद्या येईल."

"पाय?"

"सडला."

"तीसले जहाज आलं. तो अठ्ठावीसले गेला. आनखी दोन दिवस राहिला असता तं वाचला असता का?"

"कदाचित."

"मंग कसा गेला?"

साहेबांनी मान फिरवली. पण दुर्पता त्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"सव्वीसपासून मी पाणी दिलं नाही," ते म्हणाले. "मेला म्हणून कळवल्यावर जिवंत कसा आणू?"

बाहेर कोणीतरी कडी वाजवली, मग खांद्यानं दार ढकललं. कडी जुनी होती, निघाली. हिमांशु उभा होता. किती वेळ उभा होता, ते त्याच्या तोंडावरून कळत होतं.

"बाबा, बस," तो म्हणाला. मग दुर्पताकडं वळला. "वही राहिली नाही. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं म्हणायला डॉक्टर मिळतात. गाठीला कोण विचारतं? पिंटूला आत्ता सोडवतो. तक्रार मागं. रविवारी स्टेजवर तुझा सत्कार आहे. मी लिहून दिलेला कागद वाच, तेवढाच. लोकांना आवडेल, या वयात शिकलेली बाई वाचते म्हणून."

"तारीख तेवढी बदल, हिमांशुबाबू. भिंतीवरची."

"पुस्तकात एकोणीस आहे. सरकारी कागदात एकोणीस आहे. मी कुठं कुठं बदलू?"

दुर्पतानं बटन आणि पुडकं उचललं.

"पिंटूले आन," ती म्हणाली.

मागून साहेबांनी हाक मारली. तोंडाला कोरड पडली होती, पाणी मागत होते. दुर्पता थांबली. माठातून पेला भरला, त्यांची मान उचलली आणि शेवटच्या घोटापर्यंत पाजलं. धार ओठातून खाली येऊ दिली नाही.

"आज चोवीस तारीख," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "रोज देईन. रोज तारीख सांगीन."

६

पिंटू संध्याकाळी आला. डावा कान सुजून बंद झाला होता. आईनं विचारलं तर म्हणाला, "कुछ नाई माय, बेल्ट होता." मग विचारलं, "वही?"

"जळली."

"कोन जाळली?"

"मी."

 तिनं त्याला सगळं सांगितलं. पिंटू उठला आणि कुऱ्हाड शोधू लागला. तिनं हात धरून बसवला. "तू आत गेला तं प्राचीचं लगीन कोन लावन?"

रविवारी अकरा वाजता मांडव भरला. साहेबांना खुर्चीत बसवून, शाल घालून पुढं आणलं होतं. गुलाबचंद गुरुजींनी त्यांचं आयुष्य सांगितलं. ध्रुवावरचे दिवस, पानांचा शोध, सोबत्याच्या मरणाचं दुःख गिळून एकट्यानं पुरं केलेलं काम. बायकांनी डोळे पुसले. चुन्नीलाल बंदोबस्ताला होता, त्यानंही टोपी काढली.

मग दुर्पताचं नाव पुकारलं. राखीनं तिला साडी दिली, हिमांशुनं माईकपुढं नेऊन कागद हातात दिला. तिनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "माझे पती उदेभान सलामे हे, साहेबांच्या सोबत, विज्ञानाच्या कामी..." एकेक अक्षर सुटं येत होतं. पुढच्या रांगेतले लोक कौतुकानं माना हलवत होते. "दिनांक," ती म्हणाली, आणि थांबली.

तिनं कागद दुमडला. पदराखालून पुडकं काढलं आणि त्यावरची चिठ्ठी डोळ्यांशी धरली.

"अठ्ठावीस जुलै," तिनं वाचलं. "एकोनीस नाई. त्याले नऊ दिवस तंबूत ठेवला. मेला नव्हता. मेला म्हनून सांगितलं. सव्वीसपासून पानी..."

हिमांशुनं खांबामागं हात घातला होता. माईक बंद पडला. दुर्पताचे ओठ हलत राहिले. पुढच्या दोन रांगांनी काय ऐकलं ते ऐकलं. तिथले लोक एकमेकांकडं न बघता पायातल्या चपलांकडं बघू लागले. मागच्यांना वाटलं, वीज गेली, पण बाईनं वाचलं छान. मागून टाळ्या सुरू झाल्या, आणि मग पुढच्यांनीही वाजवल्या, कारण न वाजवणं दिसलं असतं.

साहेब टाळ्या वाजवू शकत नव्हते. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. दुर्पता पायऱ्या उतरून त्यांच्याजवळून गेली. जाताना वाकून सवयीनं तिनं त्यांच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. दोन वेढे, टोक मागं दुमडून खाली दाबलेलं. सलाम्यांची गाठ.

भिंतीवरची तारीख बदलली नाही. संग्रहालय आजही उघडं असतं, शाळांच्या सहली येतात. काचेतली पुडकी मात्र हिमांशुनं दुसऱ्याच आठवड्यात सोडून घेतली. सुतळ्या फेकून दिल्या. दगड मोकळे मांडले आहेत.

एक दगड कमी आहे. तो चिचगडच्या रानात आहे. तिथं सलामे आपल्या मेलेल्या माणसांचे दगड ठेवतात. १९८४ साली उदेभानच्या नावानं, तार आली त्याच आठवड्यात, नाल्यातला एक गोटा तिथं ठेवला होता. तो ठेवला, भात वाढला, तेव्हा ज्याच्या नावानं वाढला तो जगाच्या टोकाला पडून पाणी मागत होता. दुर्पतानं तो गोटा उचलून नाल्यात टाकला आणि त्या जागी पुडकं ठेवलं, न सोडता. लग्नाच्या आदल्या दिवशी प्राचीला हिरवं लुगडं नेसवून तिथं पाया पडायला नेलं. बाजूच्या शिळेवर खरी तारीख प्राचीनं कोरली. आजीनं अक्षर अक्षर तपासलं.

डॉक्टर देवचंद कापगते ११ मार्च २०२५ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, आपल्या पलंगावर, झोपेत वारले.

उदेभान सोमा सलामे, राहणार चिचगड, वय अठ्ठावीस, शनिवारी, २८ जुलै १९८४ रोजी, तंबूत, तहानेनं मेला.